पुरुषाची लग्नाची अंगठी: धातू कोणता, घ्यायची कुठून?

प्रश्न: माझं लग्न चार महिन्यांवर आलं आहे. तिची अंगठी प्लॅटिनमची ठरली, त्यामुळे मलाही पांढरीच हवी आहे. आजवर बोटात कधी काही घातलेलं नाही, म्हणून यातलं काहीच कळत नाही. मी कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम करतो आणि संध्याकाळी व्यायामशाळेत वजनं उचलतो. मित्र म्हणतो, टंगस्टनची घे, ओरखडा पडत नाही आणि स्वस्तही मिळते. एका मोठ्या दुकानात १८ कॅरेट व्हाइट गोल्डची अंगठी दाखवली, तिच्यावर ‘आयुष्यभराची हमी’ आहे. अगदी तशीच अंगठी ऑनलाइन बऱ्याच कमी किमतीत दिसते. तिच्या ओळखीचा एक सोनार आहे, तो स्वतः घडवून देतो, पण त्याच्याकडे मांडून ठेवलेलं फारसं काही नसतं. माझ्या बोटाचा सांधा जाड आहे. अंगठी चढताना अडकते आणि बोटाच्या मुळाशी गेली की गरगर फिरते. आणखी एक, कदाचित याचा संबंध नसेल: घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याखाली आणि पँटच्या बटणापाशी मला पुरळ येतं. काय घेऊ आणि कुठून घेऊ?

उत्तर: पुरळाची ओळ तुम्ही सगळ्यांत शेवटी लिहिली आहे. मी उत्तर तिथूनच सुरू करते, कारण तुमच्यापुढचे निम्मे पर्याय तिच्यामुळे गळतात.

धातू त्वचेला टेकतो नेमकं तिथेच पुरळ उठत असेल, तर पहिला संशय निकेलवर जातो. निकेलची अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. शिवाय अंगठीखाली घाम, साबण आणि पाणी अडकून बसतं, त्यामुळे मनगटापेक्षा बोटाला त्रास जास्त होऊ शकतो. अंगठी ठरवण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन पॅच टेस्ट करून घ्या. पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी पुन्हा एकदा त्वचा तपासतात. निकेलबरोबर कोबाल्टचीही तपासणी करायला सांगा. निकेल सोसत नाही त्या माणसाला कोबाल्टही सोसत नाही, असं पुष्कळदा आढळतं.

आता दुकानातल्या व्हाइट गोल्डकडे वळू. सोनं मुळात पिवळं असतं. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, आणि उरलेल्या २५० भागांत पिवळेपणा मारणारा एखादा धातू घालावा लागतो. हे काम मुख्यतः दोन धातू करतात, निकेल आणि पॅलेडियम. निकेल स्वस्त पडतं आणि सोन्याला कडकपणाही देतं, म्हणून ते बरंच वापरलं जातं. दुकानात दिसणारी पांढरीशुभ्र चकाकी यांपैकी कशाचीच नसते. ती वर चढवलेल्या रोडियम या धातूच्या अगदी पातळ थराची असते. हा थर झिजतो. तळहाताकडच्या बाजूला तो आधी जातो, आणि तुमच्यासारख्या हातांवर वर्षभरात खालचा किंचित पिवळसर रंग डोकावायला लागेल. मग पुन्हा रोडियम चढवायचं, पुन्हा झिजायचं. ज्याला अ‍ॅलर्जी नाही त्याच्यासाठी ही फक्त देखभाल आहे. तुमच्या बाबतीत थर झिजला की खालचं निकेल थेट कातडीला लागतं. अंगठी नवी असताना काहीच होणार नाही. पुरळ उठेल तोवर परत करायची मुदत केव्हाच संपलेली असेल, आणि ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून मी इतकं सविस्तर लिहिते आहे.

तेव्हा त्या दुकानात एकच प्रश्न विचारा: या अंगठीत पांढरेपणासाठी निकेल आहे की पॅलेडियम? उत्तर पावतीवर लिहून मागा. ‘आमचं सोनं उत्तम असतं’ हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. पॅलेडियमवालं व्हाइट गोल्ड मिळालं तर ते तुम्हाला बहुधा चालेल. त्याचा रंग जरा करडेपणाकडे झुकतो, पण तो धातूचा स्वतःचा असतो, त्यामुळे रोडियम नाही चढवलं तरी बिघडत नाही.

यानंतर तुमचं काम. इथे मी स्पष्टच बोलते. फिरत्या यंत्राजवळ, पट्ट्याजवळ, साखळीजवळ कोणत्याही धातूची अंगठी बोटात असता कामा नये. अंगठी कुठे अडकली आणि शरीराचं वजन किंवा यंत्राची ओढ तिच्यावर आली, तर बोटावरची कातडी, रक्तवाहिन्या आणि कधी कधी अख्खं बोट ओढून निघतं. त्यासाठी कारखानाच लागतो असं नाही. २०१५ साली अमेरिकेतला टीव्ही सूत्रसंचालक जिमी फॅलन घरच्या स्वयंपाकघरात अडखळून पडला, पडताना त्याची लग्नाची अंगठी अडकली आणि बोट वाचवायला डॉक्टरांना तासन्‌तास सूक्ष्म शस्त्रक्रिया करावी लागली. टेबलावरून उडी मारताना, कुंपणावरून उतरताना, मालमोटारीच्या मागून खाली येताना असेच अपघात होतात. विजेच्या कामात आणखी एक धोका असतो. बॅटरीचं एक टोक आणि जवळचा धातूचा भाग यांच्यात अंगठी आली, तर क्षणात तापून बोटाभोवती भाजतं. व्यायामशाळेत लोखंडी दांड्यामुळे अंगठी दबते, वाकडी होते आणि तळहाताला फोड आणते.

म्हणून तुमची अंगठी रोज निघणार आणि रोज चढणार, हे आत्ताच धरून चाला. कामावर आणि व्यायामाला सिलिकॉनचं वळं घाला. ते ओढ बसली की ताणतं किंवा तुटतं, बोट सुटतं, आणि इतकं स्वस्त असतं की हरवलं तरी दुःख नाही. पण यंत्र फारच जवळ असेल तर तेही काढा. गळ्यातल्या साखळीत अंगठी अडकवून यंत्रापाशी जाऊ नका, तो धोका बोटाकडून गळ्याकडे नेण्याचा प्रकार आहे. आणि हे सगळं लग्नाआधी तिच्याशी बोला. दिवसातले आठ-नऊ तास अंगठी बोटात नसेल आणि ती का नसेल, हे तिला तुमच्याकडून कळलेलं बरं. कारण समजल्यावर ती स्वतःच तुम्हाला अंगठी काढून जायची आठवण करील, असं मला वाटतं.

याचा धातूच्या निवडीशी थेट संबंध आहे. ओरखड्यांची काळजी तुम्हाला मुख्यतः कामामुळे वाटते आहे, आणि कामावर तर अंगठी जाणारच नाही. मग टंगस्टनची सगळ्यांत मोठी जमेची बाजू तुमच्यासाठी निम्म्याने कमी होते.

टंगस्टनची अंगठी म्हणून जे विकतात ते टंगस्टन कार्बाइड असतं. टंगस्टन आणि कार्बन यांची बारीक भुकटी दुसऱ्या एखाद्या धातूच्या साहाय्याने दाबून, तापवून एकजीव केलेली असते. कठीणपणाच्या मोह्‌स मापावर ते ९ च्या आसपास बसतं. हिरा १० वर आहे आणि शुद्ध सोनं अडीच-तीनच्या दरम्यान. रोजच्या धुळीत सापडणारे वाळूचे कण ७ वर असतात, म्हणून सोन्यावर ओरखडे पडतात आणि टंगस्टन कार्बाइडवर पडत नाहीत. तुमचा मित्र इथवर खरं बोलतो आहे. पण कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. चिनी मातीच्या कपावर सुरीने रेघ ओढता येत नाही, तरी फरशीवर पडला की तो फुटतो; ही अंगठीही तशीच, वाकत नाही, तडकते. दगडी फरशीवर पडून दोन तुकडे झालेल्या अशा अंगठ्या माझ्याकडे लोक घेऊन येतात आणि जोडून मागतात. मला त्या जोडता येत नाहीत, कुणालाच येत नाहीत. तिला डाक (धातू वितळवून केलेला जोड) लागत नाही, ती कापून वाढवता येत नाही, ठोकून मोठी होत नाही. बोट जाड झालं की नवी अंगठी. त्यात भुकटी बांधून ठेवणारा धातू बहुतेक वेळा निकेल किंवा कोबाल्ट असतो, आणि ही दोन्ही नावं तुमच्या यादीतून खोडलेली आहेत.

एका अफवेचं मात्र निरसन करते. सुजलेल्या बोटातून टंगस्टनची अंगठी निघत नाही, बोट कापावं लागतं, असं ऐकायला मिळतं. ते खोटं आहे. घट्ट पकडणाऱ्या पक्कडीने बाहेरून हळूहळू दाब वाढवत नेला की ती तडकते आणि तुकडे बाजूला होतात. सोनं, चांदी, प्लॅटिनम साध्या कातरचक्रीने कापता येतं. टायटॅनियमला जास्त वेळ आणि चांगलं पातं लागतं, पण तेही कापलं जातं.

टायटॅनियम मला तुमच्यासाठी टंगस्टनपेक्षा कितीतरी बरं वाटतं. ते हलकं असतं, चिवट असतं आणि त्वचेला सहसा त्रास देत नाही. हाडांत बसवायच्या खिळ्यांसाठी आणि दातांच्या रोपणासाठी ते वापरतात, यावरून काय ते समजा. आजवर बोटात काही न घातलेल्या माणसाला त्याचं ओझंच जाणवत नाही. पण रंग करडा असतो, प्लॅटिनमच्या शेजारी तो वेगळा दिसतो. माप बदलायला वाव जवळजवळ नाही: आतून थोडं कोरून किंचित वाढवता आलं तर आलं, लहान तर होतच नाही. तुमच्या सांध्यासाठी ही मोठी अडचण आहे, तिच्याकडे येतेच.

काळ्या मुलाम्याच्या अंगठ्यांच्या नादी लागू नका. मुलामा कडांवरून आधी जातो आणि पॉलिश करायला गेलं तर उरलेलाही निघतो. चांदी मऊ असते, वाकते, काळवंडते. रोजच्या अंगठीसाठी ती मी सुचवणार नाही. कोबाल्ट-क्रोम हा मिश्रधातू रंगाने प्लॅटिनमच्या अगदी जवळ जातो, पण तुमची चाचणी होईपर्यंत त्याचा विचारही नको.

उरलं प्लॅटिनम. दागिन्यांतलं चांगलं प्लॅटिनम हजारात ९५० भाग शुद्ध असतं, अंगठीच्या आत ‘९५०’ हा आकडा उमटवलेला असतो. उरलेल्या ५० भागांत रुथेनियम, इरिडियम, कोबाल्ट किंवा तांबं यांसारखा धातू असतो. इथेही विचारा आणि कोबाल्ट टाळा. रुथेनियम किंवा इरिडियमचं मिश्रण तुमच्यासाठी योग्य. निकेलची गरजच पडत नाही, कारण प्लॅटिनम स्वतःच पांढरं आहे. वर कसलाही मुलामा नाही, म्हणजे झिजून उघडं पडायलाही काही नाही. त्यावर ओरखडे पडतात, आणि पहिल्या महिन्यातच पडतात. पण सोन्यावर ओरखडा पडताना कणभर सोनं निघून जातं, तर प्लॅटिनम बरंचसं बाजूला सरकतं आणि अंगठीवरच राहतं. त्यामुळे वर्षानुवर्षं घातली तरी अंगठी पातळ व्हायला फार वेळ लागतो. पृष्ठभागावर एक मऊसर, धुरकट झाक येते. काहींना ती नव्या चकाकीपेक्षा जास्त आवडते, मलाही. नाही आवडली तर पॉलिश करून घ्यायची.

प्लॅटिनमची अडचण म्हणजे वजन, आणि पर्यायाने किंमत. तुम्हाला अंदाज यावा म्हणून एक हिशोब मांडते. आतला व्यास २० मिलिमीटर, रुंदी ५ मिलिमीटर आणि जाडी १.७ मिलिमीटर अशी सपाट अंगठी घेतली, तर प्लॅटिनममध्ये ती सुमारे १२ ग्रॅम भरेल. तीच १८ कॅरेट सोन्यात ९ ग्रॅमच्या आसपास, १४ कॅरेटमध्ये साडेसात, पॅलेडियममध्ये सातच्या जरा खाली आणि टायटॅनियममध्ये अडीच ग्रॅम. बाहेरून गोलाई दिली की प्रत्येक आकडा थोडा उतरतो.

हाच हिशोब तुमच्या ऑनलाइन प्रश्नाचंही उत्तर आहे. ‘अगदी तशीच’ अंगठी स्वस्त का, याचं एक कारण फोटोत न दिसणारी जाडी असू शकते. वरची अंगठी १.७ ऐवजी १.२ मिलिमीटर जाडीची केली, तर समोरून ती हुबेहूब तशीच दिसते, पण १८ कॅरेटमध्ये ९ ग्रॅमऐवजी सव्वासहा ग्रॅम भरते. रोज घालायची पुरुषाची अंगठी दीड मिलिमीटरपेक्षा पातळ असू नये असं माझं मत आहे. पातळ सोनं दांडा पकडताना वाकतं आणि कडा बोटात रुततात. तेव्हा किमती ताडून पाहायच्या असतील तर रुंदी, जाडी, माप, कस आणि ग्रॅममधलं वजन या पाच गोष्टी दोन्हीकडून लिहून घ्या. यातली एकही सांगायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा. आणि वजन पडताळायचं असेल तर आतल्या व्यासात जाडी मिळवा, त्याला ३.१४ ने, मग रुंदीने आणि पुन्हा जाडीने गुणा. घन मिलिमीटर मिळतील. त्यांना १,००० ने भागून धातूच्या घनतेने गुणलं की ग्रॅम. १८ कॅरेटची घनता साधारण साडेपंधरा, ९५० प्लॅटिनमची साडेवीसच्या आसपास. मिश्रणानुसार थोडा फरक पडतो, पण तीन ग्रॅमचा घोटाळा लपत नाही.

आता सांधा. सांधा जाड आणि मूळ बारीक, हे पुष्कळ पुरुषांच्या बाबतीत असतं आणि वजनं उचलणाऱ्यांच्या बाबतीत अधिकच. मुळाच्या मापाने घेतली तर रोज साबण लावून ओढावी लागते. सांध्याच्या मापाने घेतली तर फिरते, आणि थंडीत बोटं आक्रसली की हात झटकताना निघूनही जाते. माप सांध्यावरून जेमतेम सरकेल असं घ्यायचं, आणि मग अंगठीच्या आत तळाशी दोन छोटे मणी डाकाने बसवायचे, किंवा आत एक बारीक पट्टी जोडायची. त्याने अंगठी जागेवर बसते आणि काढताना थोडी फिरवली की सांध्यावरून निघते. साधं काम आहे, पण त्यासाठी धातूला डाक लागला पाहिजे. सोन्याला लागतो, प्लॅटिनमला लागतो. टंगस्टनला, टायटॅनियमला नेहमीच्या सोनाराकडे लागत नाही. तुमच्या बोटाचा आकारच तुम्हाला सोनं-प्लॅटिनमकडे ढकलतो आहे.

माप घेताना घाई करू नका. सकाळी बोटं वेगळी असतात, संध्याकाळी वेगळी. व्यायामानंतर फुगलेली, गारठ्यात बारीक. संध्याकाळी, अंग शांत असताना, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा. मापाच्या कड्या ज्या रुंदीच्या असतील त्याच रुंदीच्या अंगठीसाठी ते माप खरं असतं. अरुंद कडीने माप घेऊन ८ मिलिमीटरची रुंद अंगठी केली तर ती घट्ट होते, तिला थोडं मोठं माप लागतं. देशोदेशीच्या मापपद्धती निराळ्या आहेत, म्हणून माप सांगताना आतला घेर मिलिमीटरमध्ये सांगा. आंतरराष्ट्रीय मापात ६२ म्हणजे आतला घेर ६२ मिलिमीटर, त्यात गोंधळाला जागा नाही. आणि आतून किंचित गोलाई दिलेली अंगठी मागा. कडा कातडीत शिरत नाहीत आणि सांध्यावरून जाताना फरक जाणवतो. पहिल्यांदाच अंगठी घालणाऱ्याला मी ४ ते ५ मिलिमीटर रुंदी सुचवते. मोठ्या हातावर रुंद अंगठी शोभते हे खरं, पण शेजारच्या बोटांना ती सतत लागते आणि सवय होईपर्यंत नकोशी वाटते.

दुकानाबद्दल तुम्ही वेगळा प्रश्न विचारला आहे, पण माझ्या मते तो धातूच्याच प्रश्नाचा भाग आहे. सोनं किंवा प्लॅटिनम घेतलंत तर विकणाऱ्यावर तुम्ही जन्मभर अवलंबून राहत नाही. दुकान बंद पडलं, तुम्ही गाव बदललं, कुणाशी बिनसलं, तरी दुसरा कारागीर तीच अंगठी वाढवेल, जोडेल, उजळेल, आणि शेवटी धातूचं मोल तर कुठेही आहेच. टंगस्टन, टायटॅनियम किंवा सिरॅमिक घेतलंत तर अंगठी जशी आहे तशीच राहणार, आणि माप चुकलं तर वाली फक्त तो विक्रेता. तिथे खरेदी अंगठीची कमी आणि त्याच्या बदलून देण्याच्या वचनाची जास्त असते. अशा अंगठीसाठी ऑनलाइन दुकान चांगलं असू शकतं, माझा त्याला विरोध नाही, पण आधी अटी वाचायच्या: माप चुकलं तर किती दिवसांत आणि किती वेळा बदलून देतात, पाठवणीचा खर्च कोणाचा, आणि आत नाव कोरल्यावर परत घेतात का. कोरलेली अंगठी बहुतेक कुणीच परत घेत नाही.

मोठ्या दुकानातली ‘आयुष्यभराची हमी’ घरी आणून वाचा. कुणाच्या आयुष्याची, ते आधी बघा. मग बघा तीत काय बसतं: रोडियम, माप बदलणं, पॉलिश, का फक्त घडणीतला दोष? ठरावीक महिन्यांनी तपासणीला आणली नाही तर हमी रद्द होते का? बाहेरच्या सोनाराने हात लावला तर? अनेक हम्यांत या दोन अटी असतात आणि त्यातच त्या संपतात. मोठ्या दुकानाचे फायदेही खरे आहेत. पन्नास नमुने घालून बघता येतात, पावती चोख मिळते, तक्रार करायला एक जागा असते. नमुने घालून बघण्यासाठी तरी तिथे नक्की जा. आवडलेली अंगठी बोटात ठेवून मूठ वळा, पाण्याची बाटली उघडा, फोन हातात धरा. काचेखाली सुंदर दिसणारी अंगठी मूठ वळल्यावर नकोशी होऊ शकते.

तिच्या ओळखीच्या सोनाराकडे मांडणी नाही म्हणून तुम्ही बिचकता आहात. पुरुषाची साधी अंगठी घडवणं हे रत्नजडित कामाइतकं अवघड नाही, आणि मणी बसवणं, माप सांध्याला जुळवणं यांसाठी समोर बसलेला कारागीरच सोयीचा. पण प्लॅटिनमचं काम प्रत्येक सोनाराला जमतंच असं नाही. सोनं १,०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १,७६८ अंशांना. नेहमीच्या ज्योतीने ते होत नाही, निराळी ज्योत किंवा लेझर यंत्र लागतं, आणि सोन्याचा कण असलेली कानस प्लॅटिनमवर चालवली तर तापवताना तो कण धातूला डागाळतो. म्हणून प्लॅटिनमची अवजारं वेगळी ठेवावी लागतात. हे त्यांना मोकळेपणाने विचारा. चांगला कारागीर प्रश्नाने रागावत नाही. तो एकतर आपली अवजारं दाखवतो किंवा सरळ सांगतो की प्लॅटिनम मी बाहेरून करून घेतो. दोन्ही उत्तरं चालतील. बाहेरून करून घेत असतील तर पुढे माप बदलायचं झाल्यास कोण करणार, तेवढं विचारून ठेवा.

तिन्ही ठिकाणी मी एक प्रश्न जरूर विचारायला सांगेन: पाच वर्षांनी ही अंगठी दोन मापं वाढवायची झाली तर तुम्ही नेमकं काय कराल? ज्याला काम माहीत आहे तो सांगेल की तळाशी कापून तुकडा घालू, जोड झाकू, पुन्हा पॉलिश करू. किंवा अंगठी साधी, बिनखड्यांची आहे, ताणूनच होईल. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, काळजी करू नका.

माझा कौल सांगते. तुमच्यासाठी ९५० प्लॅटिनम, कोबाल्टविरहित, ५ मिलिमीटर रुंद, दीड ते पावणेदोन मिलिमीटर जाड, आतून गोलाई दिलेली, बाहेरून चकचकीत न करता मंद झळाळीची. मंद पृष्ठभागावर पहिले ओरखडे डोळ्यांत भरत नाहीत. प्लॅटिनमचं काम करणाऱ्या सोनाराकडून घडवून घ्या. खर्च झेपत नसेल तर जाडी कमी करू नका, रुंदी ४ मिलिमीटरवर आणा. तरीही जड जात असेल तर पॅलेडियमवालं १८ किंवा १४ कॅरेट व्हाइट गोल्ड, रोडियम न चढवता. १४ कॅरेटमध्ये सोनं हजारात ५८५ भाग असतं, म्हणजे ते हिणकस असं समजायचं कारण नाही; ते जास्त कणखर असतं आणि तुमच्या हातांना शोभेल. पोहायच्या तलावात मात्र सोन्याची कोणतीही अंगठी घालून उतरू नका, क्लोरीन मिश्रधातूला कमजोर करतं. ९५० पॅलेडियमही चांगलं आहे, पांढरं आणि वजनाला हलकं, पण ते हाताळणारा कारागीर शोधावा लागेल, आणि आधी चाचणीत पॅलेडियमचीही खात्री करून घ्या. निकेलची अ‍ॅलर्जी असलेल्या काहींना पॅलेडियमही सोसत नाही.

आणि रंग जुळलाच पाहिजे हा हट्ट कुणाचा आहे, तेही दोघांनी एकदा बोलून घ्या. तिला चालणार असेल आणि तुम्हाला आवडणार असेल, तर १४ किंवा १८ कॅरेटची साधी पिवळी अंगठी तुमच्या सगळ्या अडचणी एका झटक्यात सोडवते. तिच्यात निकेल घालायची गरज नसते, मुलामा नाही, कोणताही सोनार दुरुस्त करतो, आणि प्लॅटिनमपेक्षा हलकी.

चार महिने पुरेसे आहेत, पण आळस करण्याइतके नाहीत. पॅच टेस्टची वेळ या आठवड्यात घ्या, कारण तिचा निकाल आल्याशिवाय धातू ठरत नाही. तोवर दुकानात जाऊन रुंद्या घालून बघा. सिलिकॉनचं वळं आजच मागवा आणि घालायला लागा, बोटात काहीतरी असण्याची सवय होईल आणि मापाचाही अंदाज येईल. घडवायला दीड-दोन महिने हाताशी ठेवून सोनाराला सांगा. अंगठी तयार झाली की घरात दोन-तीन दिवस घालून बघा, मणी हवेत का ते तेव्हाच कळेल. नाव किंवा तारीख कोरायची असेल तर माप पक्कं झाल्यावरच कोरा. आधी कोरलं आणि मग कापून माप बदलावं लागलं, तर अक्षरांमधूनच करवत जाते.